उतारा

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तळाला आजोबांच्या काळची खतपत्रं, मोडीतली. त्यावर आबांच्या लहानपणचे काही कागद, उर्दूतले. त्यावर आमचे सातबाराचे उतारे, मराठीतले. आणि सगळ्यात वर माझं दहावीचं गुणपत्रक. इंग्रजीला शंभरपैकी एक्केचाळीस. एका घरातल्या तीन पिढ्या, आणि प्रत्येक पिढीला वाचायचं ते निराळ्याच लिपीत. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत अशी पेटी सापडेल.

आमच्याकडं इंग्रजी उशिरा आली, त्याला कारण आहे. मुंबई-पुण्याकडं इंग्रजांचं राज्य होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली 'दर्पण' काढलं, त्यात एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी असायची. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढं आपलं निवेदन दिलं तेही इंग्रजीत. शेतकऱ्याच्या साऱ्यातून सरकारची तिजोरी भरते आणि शिक्षण मात्र वरच्यांच्या पोरांना मिळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे तिकडं शेतकऱ्याची बाजू इंग्रजीत मांडायला माणूस होता. आम्ही मात्र निजामाच्या मुलखात. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. पुढं शिकायचं, नोकरी करायची, कचेरीत बोलायचं तर उर्दू. आजही आमच्या तोंडात काश्तकार, गिरदावर, पेशकार हे शब्द बसलेले आहेत ते त्यामुळंच.

आबा चार इयत्ता शिकले. त्यांना उर्दू अक्षर यायचं. गावात कुणाला कचेरीचा कागद आला की माणूस संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायचा. आबा कागद कंदिलाजवळ धरायचे, आधी सगळा मनातल्या मनात वाचायचे आणि मग सांगायचे, "हे बघ, अमक्या तारखेला जायचंय. नाही गेलास तर एवढा दंड." शब्दाला शब्द लावून ते कधी सांगत नसत. कागदाचं म्हणणं काय आहे, तेवढं सांगायचे. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, हळूहळू कचेरीचे कागद मराठीत यायला लागले. आबांची उर्दू तशीच राहिली, वापराविना. त्याचं त्यांना वाईट वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. पण मी शाळेत जायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "आता इंग्रजी शीक. पुढचे कागद इंग्रजीत येतील."

मी पाचवीत गेलो तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होती. तोच 1972 चा दुष्काळ. आई-आबा खडी फोडायला जात. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली. पोत्यावर निळी इंग्रजी अक्षरं. मी ती बोटानं गिरवत मोठ्यानं वाचायचो, आई कौतुकानं बघायची. अर्थ तिलाही कळत नव्हता आणि मलाही.

पुढं हायस्कुलात 'उतारा वाचून खालील प्रश्नांची उत्तरे लिहा' हा प्रश्न आला. आमच्या सरांचा जीव मोठा. साठ पोरं, निम्मी अनवाणी येणारी, आणि सगळ्यांना पस्तीस मार्कांच्या पलीकडं न्यायचं. त्यांनी एक युक्ती शिकवली. प्रश्नात जो मोठा शब्द असेल तो उताऱ्यात शोधायचा. सापडला की त्याच्या मागंपुढं जे वाक्य असेल ते जसंच्या तसं उतरवायचं. उतारा वाघाचा असो की वाफेच्या इंजिनाचा, समजायची गरज नाही. मी त्यात पटाईत झालो. दहावी पास झालो त्यात या युक्तीचा मोठा वाटा होता. सरांना मी दोष देत नाही. पास झालो नसतो तर गावात मान मिळाला नसता. पण त्या युक्तीनं एक खोड लागली. मोठे शब्द तेवढे बघायचे आणि बारीक शब्दांवरून उडी मारायची.

त्या खोडीची किंमत 1987 साली मोजली.

तोवर जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आमच्या शिवारात आलं होतं. एका तुकड्यात ऊस, शेजारी दीड एकर कपाशी. उसातलं रुंद पानाचं तण आवरेना म्हणून टू-फोर-डी नावाचं तणनाशक आणलं. डब्याबरोबरचा मराठी कागद खोकं उघडताना आमच्याच हातून कुठं तरी गेला. राहिला तो डब्यावर चिकटवलेला बारीक इंग्रजी मजकूर. आबा बांधावर बसले होते. म्हणाले, "वाच बरं, काय लिहिलंय."

मी वाचलं. मोठ्यानं वाचलं, गड्यांच्या देखत. स्प्रे, क्रॉप, कॉटन, वॉश हे शब्द ओळखीचे निघाले. मधे 'डू नॉट' होतं आणि पुढं 'अनलेस' होतं. ते वाक्य मला लागलं नाही. आबांनी पुन्हा विचारलं, "पण म्हणतोय काय त्यो?" मी म्हणालो, "काही नाही, मारायचं कसं ते लिहिलंय."

ते वाक्य असं होतं, की पंप पूर्ण धुतल्याशिवाय तो दुसऱ्या पिकाला वापरू नका, कपाशीला तर जपाच. मी उसात फवारणी केली, पंप वरच्यावर खळबळला आणि तीन दिवसांनी त्याच पंपानं कपाशीवर माव्याचं औषध मारलं. आठवड्यात शेंडे पिळवटले. नवीन पानं आली ती कपाशीची नव्हतीच, भेंडीच्या पानासारखी चिरलेली, बोटं फुटल्यागत. पात्या गळल्या. टू-फोर-डीचा अंश कपाशीला असाच बाधतो, हे आज कुणीही सांगेल. त्या साली मला सांगणारं डब्यावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं.

शेतीखात्यातला एक साहेब येऊन बघून गेला. त्यानं डबा उचलला, ती ओळ वाचली आणि अर्थ सांगितला. आबा शेजारीच उभे होते. ते मला रागावले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मला एखादा कागद लागला नाही तर मी म्हणायचो, बाबा, मला कळंना, दुसऱ्याला दाखव." दीड एकराच्या नुकसानीपेक्षा ते जास्त लागलं.

त्यानंतर मी इंग्रजी पुन्हा शिकायला लागलो, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. तालुक्याच्या वाचनालयात बाजारच्या दिवशी जायचो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तिथं होती. ती जुन्या पद्धतीची, पण वाक्याचा सांधा दाखवणारी. आणि एक रीत मला माझीच सापडली. आधी मराठी पेपरातली बातमी वाचायची, मग तीच बातमी इंग्रजी पेपरात शोधायची. काय म्हणायचंय हे आधीच ठाऊक असलं की ते कसं म्हटलंय इकडं लक्ष जातं. 'दर्पण'च्या दोन रकान्यांबद्दल मी पुष्कळ नंतर वाचलं, तेव्हा हसू आलं.

त्या वाचनात मला माझं दुखणं कळलं. मराठीत आपण अट आधी सांगतो आणि मनाई शेवटी, 'धुतल्याशिवाय वापरू नको.' क्रियापद शेवटी येतं, तोवर ऐकणारा थांबून राहतो. इंग्रजीत मनाई आधी येते आणि अट मागून. शिवाय सगळा भार 'नॉट', 'अनलेस', 'ओन्ली', 'बट' अशा एवढ्याएवढ्याशा शब्दांवर. मोठा शब्द चुकला तर कोशात सापडतो. बारीक शब्द चुकला तर चुकलाय हेच कळत नाही. वहीत मी मोठ्या शब्दांची यादी करायचं सोडलं आणि बारीक शब्दांची केली. साठेक शब्द भरले. दोन-तीन वर्षांत डब्यांवरचं, मोटारीच्या माहितीपत्रातलं, बँकेच्या कागदातलं मला लागायला लागलं. कादंबरी अजूनही लागत नाही.

आपल्या राज्यात 2000 सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. माझी नात पाचवीत आहे, फडाफडा वाचते. ऐकून घरातले खूश होतात, जशी आई पोत्यावरची अक्षरं ऐकून व्हायची. परवा ती उतारा सोडवत बसली होती. बघितलं तर बोट प्रश्नावरून उताऱ्यावर, उताऱ्यावरून वहीत. तीच युक्ती. कुणी शिकवली विचारलं तर म्हणाली, "आजोबा, सगळेच असं करतात."

मी आतून औषधाची एक रिकामी बाटली आणली, धुऊन पुसून, वरचा कागद शाबूत असलेली. म्हणालो, "हा उतारा वाच. प्रश्न मी विचारतो. काय करू नको म्हणतोय? आणि कधी केलं तर चालेल म्हणतोय?"

तिनं वाचलं, अडली, पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आजोबा, हे मला नाही कळलं."

मी म्हणालो, "शाब्बास. बस आता, दोघं मिळून लावू."

विषावरच्या औषधालाही आपण उताराच म्हणतो. त्या कागदावर खाली तेही लिहिलेलं असतं. त्या संध्याकाळी आम्ही तिथवर पोचलो नाही. एका 'अनलेस'लाच दिवेलागण झाली.