रक्तातील भागाकार

गेली वीस वर्षे मी सातवीच्या मुलांना गुणोत्तर आणि प्रमाण शिकवीत आलो आहे. दूध-पाण्याची, मजुरांची, आंब्यांची उदाहरणे फळ्यावर मांडताना, हाच भागाकार एके दिवशी वडिलांच्या रक्तावर मांडावा लागेल असे कधी मनातही आले नव्हते.

अण्णांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला होता आणि तो हाडांत उतरला होता. त्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ८१ टक्के आणि लिम्फोसाइट १२ टक्के असे आकडे होते. दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागावे, आणि उत्तर मोठे आले तर लक्षण बरे नव्हे, असे मी कुठेतरी वाचले होते. पाकिटाच्या मागच्या बाजूवर मी भागाकार केला. उत्तर आले ६.७५. निरोगी माणसात ते साधारणपणे एक ते तीन यांच्या दरम्यान असते.

‘‘रिपोर्टात काय आलं रे?’’ अण्णांनी विचारले.

‘‘ठीक आहे, अण्णा,’’ मी म्हणालो आणि कागद खिशात घातला.

पुढचे तीन आठवडे मी या आकड्याच्या मागे लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वैद्यकाशी माझा संबंध तो किती असणार! पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला माणसे शोधण्याची खोड असते, आणि या आकड्यामागेही माणसेच निघाली.

रक्ताच्या थेंबातील तांबडे कण डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले आणि १६७४ साली त्यांचे वर्णन लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला धाडले. पांढऱ्या पेशींतील भेद ओळखू येण्यास मात्र दोनशे वर्षे जावी लागली. ते काम जर्मनीतील पाउल एर्लिख या तरुणाने केले. कापड रंगविण्यासाठी डांबरापासून नवे रंग तयार होऊ लागले होते. तेच त्याने १८७९ च्या सुमारास रक्ताच्या काचपट्टीवर टाकून पाहिले. एका पेशीने आम्ल रंग धरला, दुसरीने अल्क, तिसरीने उदासीन. या तिसरीचे नाव न्यूट्रोफिल. आज रिपोर्टात जे टक्के छापून येतात, त्यांचे मूळ या रंगाऱ्याच्या विद्येत आहे.

पण या पेशी करतात काय? १८८२ साली सिसिलीतील मेसिना गावी मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेलेली. त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. सकाळी उठून पाहतो तो भटक्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या! परक्या वस्तूवर शरीर चालून जाते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे १९०८ साली त्याला आणि एर्लिखला मिळून नोबेल पारितोषिक दिले गेले.

त्याआधीच, १८६३ साली, बर्लिनच्या फिर्खोला कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. जिथे दाह दीर्घकाळ धुमसतो तिथे गाठ धरत असावी, असा त्याचा तर्क. हा धागा पुष्कळ वर्षे मागे पडला. १९८६ साली अमेरिकेतील ड्वोराक यांनी लिहिले की गाठ म्हणजे एक न भरणारी जखम होय. जखम म्हटली की न्यूट्रोफिल धावून येणार. पण कर्करोगात ही कुमक कित्येकदा उलटते: त्यांनी आणलेली द्रव्ये गाठीलाच नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात. गाठीच्या पेशींना मारण्याचे काम ज्यांचे, त्या लिम्फोसाइटांची संख्या मात्र घटते. अंश वाढतो, छेद घटतो.

हा भागाकार २००१ साली ब्रातिस्लाव्हाच्या झाहोरेत्स यांनी अत्यवस्थ रोग्यांसाठी सोपी खूण म्हणून सुचविला. २०१४ साली निरनिराळ्या कर्करोगांवरील शंभर अभ्यास एकत्र करण्यात आले. रोगी होते ४०,५५९. ज्यांचे उत्तर मोठे, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट आढळला. हाडांत उतरलेल्या आणि हार्मोनच्या उपचारांना न जुमानणाऱ्या प्रोस्टेटच्या रोगातही हाच कल दिसला आहे. रोग ग्रंथीपुरताच असतो तेव्हा मात्र अभ्यासांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

एवढे जमा करून मी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘मास्तर, तुमच्या वडिलांना प्रेडनिसोलोन चालू आहे, आणि लघवीत जंतू झालेत. दोन्हींनी न्यूट्रोफिल वाढतात, आणि त्या गोळीनं लिम्फोसाइट उतरतात. तुम्ही भागलंत ते काय, रोगाला की गोळीला? शिवाय ही हजारोंची सरासरी आहे. वर्गाची सरासरी बघून तुम्ही एखाद्या पोराचा निकाल लावता का?’’

मी गप्प झालो. हे तर मीच दरवर्षी शिकवतो.

जंतू गेल्यावर पुन्हा रक्त तपासले. ६६ आणि २४, उत्तर २.७५. पेढे वाटावेत असे मला वाटले. तरी पाच महिन्यांनी अण्णा गेले.

दुसरा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी सारे त्यांना कबूल केले: दडवलेला कागद, पाकिटावरचा भागाकार, तीन आठवड्यांचे वाचन. ते रागावले नाहीत. ‘‘तरीच तू बाहेरच्या खोलीत दिवा लावून बसायचास,’’ एवढेच म्हणाले. मग मी त्यांना मेचनिकॉफची हकीकत सांगितली. काटा, सर्कस, सकाळी दिसलेल्या पेशी, सगळे.

अण्णा थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे रात्रभर जवळ बसून होत्या म्हणायच्या.’’

मी खुर्ची त्यांच्या खाटेजवळ ओढली.