चकल्यांचा डबा आणि अटलांटिक महासागर

माझ्या आयुष्यातलं पहिलं बुडीत खातं बँकेत उघडलं गेलं नाही. ते आमच्या स्वयंपाकघरात, १९८९ सालच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात उघडलं गेलं. त्या व्यवहाराला मंजुरी आईची होती, साक्षीदार रद्दीवाला होता, आणि ज्याचं नुकसान झालं तो खातेदार त्या वेळी शाळेत सहामाही परीक्षेत गणिताचा पेपर देत होता.

त्याचं असं झालं. १९८७ साली आपल्याकडे रिलायन्स कप झाला. गावसकरने नागपूरला एकदिवसीय सामन्यातलं आपलं एकुलतं एक शतक ठोकलं, त्याच सामन्यात चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, आणि पाचच दिवसांनी वानखेडेवर गूचने झाडू मारल्यासारखे स्वीप मारून आपल्याला घरी पाठवलं. त्या दिवसांत ‘बिग फन’ नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रं मिळायची. प्रत्येक चित्रावर काही धावा नाहीतर विकेट्स छापलेल्या. ठरावीक धावा जमवून दुकानदाराला दिल्या की एक चिमुकली पुस्तिका मिळे. तिची पानं अंगठ्याने भरभर सोडली की खेळाडू फटका मारताना दिसे.

आमच्या वर्गातली सगळी पोरं धावा जमल्या की पुस्तिका घेऊन मोकळी होत. मी मात्र कार्डं वटवली नाहीत. मुद्दल मोडायचं नाही, हा संस्कार माझ्यावर बी. कॉम. होण्याच्या बारा वर्षं आधीच झाला होता. दोन वर्षांत एकशे चौऱ्याऐंशी कार्डं झाली. शेजारचा पोरगा गावसकरसाठी माझ्या महिनाभर मागे लागला होता. माझ्याकडे गावसकर तीन होते. तरी मी दिला नाही. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात सगळा संघ झाकण लावून ठेवला होता.

परीक्षेहून आलो, डबा उघडला, आणि आत चकल्या होत्या.

“आई, माझी कार्डं?”

“कुठली रे?”

“डब्यातली!”

“तो कचरा होय? रद्दीत गेला. दुसऱ्या डब्याचं झाकण घट्ट बसत नाही, चकल्या मऊ पडल्या असत्या.”

मी मोठ्याने रडलो. रडता रडता सात चकल्या खाल्ल्या. खरं सांगायचं तर कुरकुरीत होत्या.

पुढे मी बँकेत लागलो. लोकांची बुडीत कर्जं लाल शाईत नोंदवता नोंदवता स्वतःचं दुःख विसरून गेलो. पण २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये एके दिवशी जेवणाच्या सुटीत पोळीभाजी खाताना पेपरात एक बातमी वाचली आणि घास घशातच अडकला. अमेरिकेत बेसबॉलच्या एका खेळाडूचं, मिकी मँटलचं, १९५२ सालचं एक कार्ड लिलावात एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेलं होतं. कॅल्क्युलेटर हाताशीच होता. त्या दिवसाच्या भावाने साधारण शंभर कोटी रुपये! आमच्या शाखेतल्या एकूण ठेवी तेवढ्या नाहीत. आणि हेही कार्ड मुळात बबलगमबरोबर मिळणारं. मी डबा बंद केला. त्यातही चकली होती.

तेव्हापासून मी या कार्डांच्या इतिहासाचा अभ्यास करतो आहे. दुसऱ्याचं नुकसान आपल्यापेक्षा मोठं आहे हे कळलं की माणसाला बरं वाटतं. वसुली विभागात काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

या कार्डांचा जन्म कौतुकासाठी झालेला नाही, बळकटीसाठी झाला. १८८० च्या सुमारास अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पाकिटात मिळत आणि खिशात मोडत. म्हणून पाकिटात एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागले. नुसता पुठ्ठा कशाला, म्हणून त्यावर नट्या, पक्षी, झेंडे आणि खेळाडू छापू लागले. विलायतेत विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. आपले रणजितसिंहजीसुद्धा असे सिगारेटच्या पाकिटातून इंग्रज पोरांच्या हाती पडत. बाप सिगारेट ओढी आणि मुलगा दाराशी उभा राहून कार्ड मागे. एकाच पाकिटात दोघांच्या व्यसनांची सोय.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलचा एक प्रचंड संच काढला. त्यात होनस वॅग्नर नावाचा मोठा खेळाडू होता. त्याने आपलं कार्ड छापायला हरकत घेतली आणि छपाई लवकरच थांबली. कोणी म्हणतात, पोरांनी आपल्या चित्रापायी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून. कोणी म्हणतात, पैसे पुरेसे मिळाले नाहीत म्हणून. बँकेत आम्ही दोन्ही कारणं नोंदवून घेतो आणि दुसरं धरून चालतो. आज ही कार्डं साठाच्या आसपासच माहीत आहेत. त्यातलं एक २०२२ मध्येच साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं.

पुढे सिगारेटची जागा गमने घेतली, आणि पोरांना फसवण्याची कलाही पुढे गेली. १९३३ साली गाउडी कंपनीने दोनशे चाळीस आकड्यांपर्यंतचा संच काढला. पोरं गम चघळून थकली, पण एकशे सहा क्रमांक काही मिळेना. मिळणार कुठून? छापलाच नव्हता! शेवटी ज्यांनी तक्रारीची पत्रं लिहिली, त्यांना १९३४ साली तो टपालाने पाठवावा लागला. लेखी तक्रारीचा असा उपयोग झाल्याचं एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे.

आता मूळ विषय, म्हणजे हरवणं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली. विलायतेत १९४० साली सिगारेट कार्डं बंदच पडली, आणि अमेरिकेत युद्धासाठी घरोघरी रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. पोरांच्या ट्रंकांतली कार्डं देशकार्याला गेली. त्यातूनही जी वाचली, ती आयांनी संपवली. पन्नाससाठ सालातली पोरं कॉलेजला नाहीतर सैन्यात गेली, आणि मागे त्यांच्या आयांनी खोल्या झाडल्या. ‘माझ्या आईने माझी कार्डं फेकून दिली’ हे वाक्य त्या देशात इतक्या लोकांच्या तोंडी आहे, की जगातल्या आयांची एखादी गुप्त संघटना असावी आणि तिची एक शाखा डोंबिवलीत असावी असा मला दाट संशय आहे.

पण सगळ्यात मोठा रद्दीचा व्यवहार कुठल्याच आईने केला नाही. तो कंपनीनेच केला. सी बर्गर नावाच्या टॉप्स कंपनीतल्या गृहस्थाने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठा आणि कात्री घेऊन १९५२ चा संच आखला. चारशे सात कार्डं. शेवटची सत्त्याण्णव बाजारात यायला उशीर झाला. बेसबॉलचा हंगाम सरत आला, पोरं शाळेत गेली, आणि माल गोदामात पडून राहिला. जत्रावाल्यांना पैशाला दहा कार्डं देऊ केली, तरी कोणी घेईना. १९६० साली बर्गरने तीनशे-पाचशे खोकी कचऱ्याच्या बोटीवर चढवली आणि अटलांटिक महासागरात बुडवली. त्या सत्त्याण्णवांतलं पहिलंच कार्ड, क्रमांक तीनशे अकरा, म्हणजे मिकी मँटल! रद्दीवाल्याने निदान माझ्या कार्डांचं वजन तरी केलं होतं.

कॉमर्सच्या पदवीचा मला आयुष्यात एकदाच उपयोग झाला, तो इथे. जमा-नावे मांडून पाहिलं. लाखो पोरांच्या खात्यावर जे नावे पडलं, तेच त्या एका कार्डाच्या खात्यावर जमा झालं. आयांनी झाडू मारला नसता आणि बोट बुडवली नसती, तर त्या मँटलला शंभर कोटी सोडा, शंभर रुपये आले नसते. याचा पुरावा पुढच्या पिढीने दिला. कार्डांना भाव येतो हे कळल्यावर १९८५-९० च्या सुमारास अमेरिकेत प्रत्येकाने कार्डं जपली. कंपन्यांनीही बेसुमार छापली. एकाही आईने एकही फेकलं नाही. परिणाम काय? आज ती कार्डं माळ्यावर खोक्यांनी पडली आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही.

मग ज्यांचं गेलं, त्यांनी केलं काय? बहुतेकांनी आधी आईशी भांडण केलं. मग नोकरीला लागले, चार पैसे हाती आले, आणि चाळिशीकडे झुकताना आपलं बालपण विकत घ्यायला बाजारात निघाले. सत्तरच्या दशकात अशा लोकांच्या जत्राच भरू लागल्या. १९७९ साली जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने कार्डांच्या भावांचं पुस्तकच काढलं. आईने काय फेकलं याचा नेमका आकडा मिळाल्यामुळे घरोघरी भांडणं पुन्हा सुरू झाली असणार.

मीही निघालो. एका जुन्या वस्तूवाल्याकडे बिग फनचा कपिल देव मिळाला. दीडशे रुपये दिले, घरी आणला, चष्मा लावून पाहिला. कोरा करकरीत. चारही कोपरे जागच्या जागी. पण माझ्या कपिलच्या पाठीवर निळ्या शाईने माझा हजेरी क्रमांक होता आणि एका कडेला माझे दात लागलेले होते. बाजाराच्या हिशेबाने तो डागी माल. मला मात्र तोच हवा होता. हा कपिल दुसऱ्याच कोणाचा तरी. मी तो पाकिटात घालून ठेवून दिला आणि परत बाजारात गेलो नाही.

या सगळ्या इतिहासात मला एकच माणूस शहाणा वाटला. जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा. विजेच्या सामानाच्या कारखान्यात साधा कामगार. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्याने कार्डं जमवली ती तीन लाखांवर, आणि १९३९ साली सगळ्यांच्या उपयोगासाठी त्यांची सूची छापली. आजही संग्राहक त्याचेच क्रमांक वापरतात. हरवण्याची वाट न पाहता १९४७ पासून त्याने आपलं सगळं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. शेवटची काही वर्षं तिथेच एका टेबलाशी बसून, त्या वाकड्या बोटांनी एकेक कार्ड वहीत चिकटवलं. १० जानेवारी १९६३ ला काम पुरं झालं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेला, आणि दोन महिन्यांनी वारला. वॅग्नरचं कार्डही त्यातच आहे. त्याने ते विकलं नाही.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण हिशेब तपासणीत एक नोंद राहून गेली होती, ती दाखवायला हवी.

२०१६ साली आम्ही दोन खोल्यांतून फ्लॅटमध्ये आलो. सामान बांधताना मी त्रेचाळीस किलो रद्दी एका दमात काढली आणि फार खूश होतो. दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, आईने विचारलं, “माझ्या डायऱ्या कुठे ठेवल्यास रे?”

“कुठल्या?”

हा ‘कुठल्या’ तोंडातून निघाला आणि मला घाम फुटला. बँकेच्या जुन्या चार डायऱ्या. वर्षं उलटून गेलेली, म्हणून मी आत उघडूनही पाहिलं नव्हतं. लग्न झाल्यापासून पेपरातून, मासिकांतून कापलेल्या पाककृती तिने त्यांत चिकटवल्या होत्या. शेजारी पेन्सिलीने शेरे. मीठ कमी. पाहुणे आले तेव्हा केलं, आवडलं. यांना चाललं नाही. चाळीस वर्षांचं स्वयंपाकघर त्रेचाळीस किलोत गेलं होतं.

मी खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “असू दे. त्यातले निम्मे पदार्थ मी कधी केलेच नव्हते.” पण चकलीच्या भाजणीचं प्रमाण त्यांतच होतं. तिने अंदाजाने केलं, आणि पहिला घाणा तेलात विरघळला. तिला भांडता आलं असतं. पावती माझ्या नावाची होती. ती मात्र मुकाट्याने गॅस बंद करून फोनपाशी गेली आणि साताऱ्याच्या मावशीला प्रमाण विचारलं.

मावशीने ते खडाखडा वाचून दाखवलं. आईच्याच डायरीतून तिने पंचवीस वर्षांपूर्वी उतरवून नेलं होतं! मग आठवडाभर फोन चालला. अनारसे मावशीकडून आले, लिंबाचं गोड लोणचं माझ्या आत्तेबहिणीकडून, कसलीशी वडी तर जुन्या चाळीतल्या वहिनींकडून. आईने ज्यांना ज्यांना दिलं होतं, त्यांच्याकडून तेवढं परत आलं. जे कोणालाच दिलं नव्हतं, ते गेलं. मी शेजारी बसून नव्या डायरीत उतरवून घेत होतो आणि मनातल्या मनात तीन गावसकर मोजत होतो. त्यातला एक त्या पोराला दिला असता, तर आज निदान एकाचा पत्ता तरी माहीत असता.

चकल्या त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झाल्या. त्याच डब्यात भरल्या. नवी डायरी आता कपाटात वरच्या फळीवर असते. तिच्यावर आईने माझ्याच लाल पेनने, मला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ‘रद्दी नाही’.