नवविधा भक्ती आणि जीर्णोद्धाराचे दास्य

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव समर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्रास वंदनीय आहे. शके १५३० (सन १६०८) मध्ये रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. बाराव्या वर्षी घर सोडून तो नाशिकजवळील टाकळीस गेला. बारा वर्षे तप व बारा वर्षे तीर्थाटन झाल्यावर कृष्णाकाठच्या मुलखात समर्थांचे कार्य सुरू झाले. शके १५७० (सन १६४८) मध्ये त्यांनी चाफळला राममंदिर उभारले.

समर्थांच्या दासबोधात २० दशक व २०० समास आहेत. त्यांपैकी चौथ्या दशकाचे पहिले नऊ समास नवविधा भक्तीचे आहेत. श्रवण, कीर्तन, नामस्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन अशा या नऊ पायऱ्या. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या मुखी आलेल्या या भक्तीला समर्थांनी प्रपंचातील माणसाच्या आचरणात आणून बसविले.

त्यातील सातवी पायरी दास्याची. हिचा आदर्श मारुतिराय. या समासात समर्थ केवळ हात जोडावयास सांगत नाहीत. पडक्या देवळांचा जीर्णोद्धार करावा, फुटलेली तळी बांधावीत, धर्मशाळा चालवाव्यात, देवाचे वैभव वाढवावे आणि त्याच्या दारी हलके कामही आनंदाने करावे, असे ते सांगतात. म्हणजे देणगीची पावती फाडणारा, दगडमाती वाहणारा आणि सभामंडप झाडणारी माउली, तिघेही एकाच पायरीवर उभे आहेत. ज्याच्या हाती द्रव्य नाही व अंगी बळ नाही, त्याच्यासाठी अर्चनाच्या समासात मानसपूजा सांगितलेली आहेच.

परंतु दास्य ही शेवटची पायरी नव्हे. पुढे सख्य आहे. देवाला जे आवडते तेच आपणांस आवडावे आणि संकटातही त्याच्यावर रुसू नये, ही त्याची कसोटी. त्यानंतर आत्मनिवेदन, तेथे 'मी कोण' याचा विचार करता करता मीपणच सरते. शिळेवर नाव कोरले जाते ते पुढच्या पिढीला सेवेची आठवण राहावी म्हणून. त्या नावाचा अभिमान मनात राहिला, तर शिखरावर कळस चढूनही भक्त सातव्या पायरीवरच थांबतो.

मंदिराचे काम पूर्ण होते, भक्तीचे होत नाही. नव्या मंडपात नित्य श्रवण-कीर्तन घडावे, म्हणजे पहिल्या पायरीपासून चढण पुन्हा सुरू होईल आणि जीर्णोद्धार सार्थकी लागेल.