आवणीच्या रांगेत

1961 सालचा आषाढ. डिंभ्याच्या वर, घोड नदीच्या खोऱ्यात तुम्ही गुडघाभर चिखलात उभे आहात आणि तुमचं वय आठ आहे. धरण अजून झालेलं नाही, जुनं आंबेगाव जागच्या जागी आहे. पाठीवर इरलं, त्यावर भीमाशंकराकडून आलेला पाऊस.

शिकवत कुणीच नाही. विचारलंत तर आजी म्हणते, "बघ की, डोळे हायेत ना?" तिच्या डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताच्या बोटांनी त्यातली दोन-तीन काडं सुटतात, मुळांसकट चिखलात शिरतात, बोटं रिकामी वर येतात. एक पाऊल मागं. तुमचं पहिलं रोप तरंगतं, दुसरं आडवं होतं. आजी ते उपटते आणि काही न बोलता परत खोचते.

मग ती कंबरेवर हात ठेवून "आई गं" म्हणते. तुम्हीही म्हणता, कंबर दुखत नसताना. काकू खो खो हसते.

त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत, स्टॅनफर्डला, अल्बर्ट बँडुराच्या प्रयोगात मोठी माणसं मुलांसमोर हवा भरलेली बाहुली बडवत होती. मुलांनी मार उचलला, मारतानाचे शब्दही उचलले. पुढं 2005 साली हॉर्नर आणि व्हाइटन यांच्या प्रयोगात पारदर्शक पेटीतून खाऊ काढून दाखवताना मुद्दाम फुकटची टोचाटोची केली गेली. चिंपांझींनी बहुतेक ती गाळली. माणसांच्या पोरांनी मात्र सगळी केली. माकडचाळे म्हणून आपण उगाच माकडांना नावं ठेवतो! पण मागं सरकणं कामाचं आणि कण्हणं बिनकामाचं, हे आठ वर्षांच्या पोराला आधी कसं कळावं? सगळंच उचललेलं बरं.

आता पन्नाशी ओलांडा. खाचरं डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली. तुम्ही महादेव कोळी. नावात कोळी, पण हाताला सवय भाताची. जलाशयावर आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था आहे आणि होडीत विशीतलं पोरगं जाळं सोडतंय. आठव्या वर्षी तुम्ही उघड बघत होता, आता चोरून बघता. त्याची मान वळली की पाण्याकडं नजर लावता.

"काका," पोरगं म्हणतं, "गाठ अशी असती," आणि मारलेली गाठ सोडून परत मारतं.