कर्वे, इरावती : बर्लिनमधील कवट्यांचे संशोधन

‘युगान्त’च्या लेखिका आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत केलेले डॉक्टरेटचे काम आणि त्यासाठी हाताळलेल्या मानवी अवशेषांचा आजही न सुटलेला प्रश्न.

संस्था १९२७ मध्ये सुरू झाली. संचालक ऑयगेन फिशर यांनी १९०८ मध्ये आजच्या नामिबियात, तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, मिश्रवंशीयांच्या अंगाची मापे घेऊन नाव कमावले होते. युरोपीयांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू अधिक असमान असतात आणि ते त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाचे लक्षण, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवटीची मध्यरेषा ठरवायची, दोन्हीकडची अंतरे घ्यायची, ताडून पाहायची, पुन्हा पुढची कवटी. असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. गुरूच्याच संस्थेत राहून परक्या देशातल्या विद्यार्थिनीने असे लिहिणे सोपे नव्हते. त्याचे कौतुक होते ते रास्तच आहे.

मात्र त्या कवट्या कोणाच्या, हे मराठीत क्वचितच विचारले जाते. संस्थेकडे मानवशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान यांनी जमवलेल्या हजारो कवट्या होत्या. वसाहतींतले अधिकारी आणि लष्करी डॉक्टर त्या पाठवीत. काही कबरींतून उकरलेल्या, काही फाशी दिलेल्यांच्या. निष्कर्ष कितीही उदार असो, ज्यांची डोकी टेबलावर होती त्यांना वा त्यांच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते.

पुढे नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले याने ऑश्विट्झ छळछावणीतून याच संस्थेला मृतांचे अवयव पाठवले. २०१४ मध्ये संस्थेच्या जुन्या इमारतीजवळच्या खोदकामात हाडे सापडली. नंतरच्या उत्खननांसह सुमारे १६,००० तुकडे निघाले. हाडांवर आणखी चाचण्या करून ती गटांत वाटणे म्हणजे वंशविज्ञानाचीच री ओढणे ठरेल, म्हणून ज्यू, सिंती-रोमा आणि आफ्रिकी समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ती एकत्रच दफन करायचे ठरले. २३ मार्च २०२३ रोजी बर्लिनमधल्या डालेमच्या दफनभूमीत दफन झाले.

लुशान संग्रह आता बर्लिनच्या सरकारी संग्रहालयांकडे आहे. तेथे मात्र चाचणीनेच माणसे ओळखता आली : २०२३ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या काही कवट्यांचे डीएनए टांझानियातल्या हयात नातलगांशी जुळले. या नातलगांना पूर्वजांचे अवशेष गावी नेऊन रीतसर पुरायचे आहेत.