कसाऱ्याला गाडी का थांबते?

आटगावच्या फलाटावर उभे राहिले की लांब पल्ल्याच्या गाड्या धडधडत निघून जातात. आमच्याकडे थांबते ती कसारा लोकल. मात्र याच मेल-एक्सप्रेस थोड्या पुढे, कसाऱ्याला, निमूटपणे उभ्या राहतात. लहानपणी मला वाटे की कसारा हे आटगावपेक्षा फार मोठे गाव असणार. वडिलांनी एकदा समजावून सांगितले की गाडी गावासाठी थांबत नाही, घाटासाठी थांबते. थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिने जोडावी लागतात. तेवढ्या वेळात प्रवाशांनी वडे खावेत, चहा प्यावा. थांबा इंजिनाचा, वडा आपला.

हे आठवायला कारण घडले ते आईच्या प्रवासाचे. थोरली बहीण टोरांटोला असते. आई ७४ वर्षांची, गुडघ्यांनी अधू, इंग्रजी बेताचेच. तिला एकटीने जायचे होते. घरात तिकिटांचा खल सुरू झाला. भाचा म्हणाला, आखातातून जाऊ दे, स्वस्त पडेल. ताई म्हणाली, युरोपात विमान बदल. मी कागदावर तास आणि रुपये मांडत बसलो. आईने एकच प्रश्न विचारला, "मधे जिथं उतरायचं, तिथं मला कोणी अडवलं तर?" या प्रश्नाचे उत्तर किमतींच्या तक्त्यात नव्हते. ते शोधताना मी मुंबईहून पश्चिमेला जाणाऱ्या वाटांच्या इतिहासात शिरलो.

या वाटांचा एक धागा आमच्या गावातूनच जातो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८५५ साली वासिंदपर्यंत आला, १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि १८६५ साली घाट ओलांडून गेला. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे सुरू झाली. जेमतेम चार महिन्यांच्या अंतराने जुळलेल्या या दोन सांध्यांमुळे पृथ्वीभोवतीचा प्रवास दिवसांत मोजता येऊ लागला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेतला नायक मुंबईला बोटीतून उतरून कलकत्त्याची गाडी पकडतो, ती याच घाटाची. म्हणजे त्या काळच्या जगातल्या सर्वांत वेगवान वाटेवर आटगाव होते, फक्त गाडी इथे थांबत नव्हती.

त्याआधीही मुंबईहून विलायतेला जाण्याची एक जवळची वाट होती. १८३० साली 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट मुंबईहून सुएझकडे निघाली. सुएझला उतरून वाळवंट ओलांडायचे, अलेक्झांड्रियाला पुन्हा बोट धरायची, असा हा द्राविडी प्राणायाम. तरीही आफ्रिकेला वळसा घालण्यापेक्षा तो परवडे. अडचण कोळशाची होती. एवढ्या पल्ल्याला पुरेल इतका कोळसा भरला तर बोटीत दुसऱ्या कशाला जागा उरत नसे. वाटेत कोळशाची वखार हवी, आणि ती आपल्या ताब्यातल्या बंदरात हवी. जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले, त्यामागे हे मोठे कारण होते. पुढे सुमारे नव्वद वर्षे एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. बोट थांबण्याची जागा हवी म्हणून एक अख्खे बंदर जिंकले गेले.

या एडनची मराठी माणसाला एक वेगळी ओळख आहे. विलायतेला जाणाऱ्यांसाठी ते कोळसा भरण्यापुरते बंदर होते. वासुदेव बळवंत फडक्यांसाठी शेवटचे ठिकाण ठरले. फेब्रुवारी १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. थांब्याची जागा ज्याच्या मालकीची, त्याच्या मर्जीवर तिथून पुढे जाणे अवलंबून असते.

याच नियमाची दुसरी बाजू मार्सेयला दिसली. जुलै १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना घेऊन 'मोरिया' बोट लंडनहून मुंबईला निघाली आणि वाटेत मार्सेय बंदरात थांबली. सावरकरांनी खिडकीतून समुद्रात उडी घेतली आणि पोहत किनारा गाठला. आपण त्या उडीच्या धाडसाबद्दल पुष्कळ वाचलेले असते. तिच्यामागचा हिशेब मात्र थांब्याचा होता. बोट इंग्रजांची, पण धक्का फ्रान्सचा. त्या धक्क्यावर इंग्रजांचा हुकूम चालू नये, अशी त्यात अपेक्षा होती. फ्रेंच शिपायाने त्यांना परत बोटीवर सोपवले, म्हणून इंग्लंड आणि फ्रान्स हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. वाटेत थांबलेला प्रवासी नेमका कोणाच्या हद्दीत असतो, हा आईचा प्रश्न. तो एका मराठी माणसाच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत जाऊन आला होता.

विमाने आली तेव्हा थांबे संपतील असे कोणाला वाटले असेल, तर उलटेच झाले. मार्च १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. प्रवासाला सात दिवस लागत. लंडनहून विमानाने बाझल, तिथून रेल्वेने जिनोव्हा, पुढे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र, मग इजिप्त, इराक आणि इराणचा किनारा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर होई, रेल्वेसकट. मग इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. कंपनीला आखाताच्या अरब बाजूला सरकावे लागले. १९३२ साली शारजाला धावपट्टी तयार झाली आणि प्रवाशांना रात्र काढण्यासाठी किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधले गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूपर्यंत विमान आणले. लंडनचे टपाल कराचीला सोडून इंपीरियलचे काम तिथे संपे. पुढचा टप्पा टाटांचा. आखातातल्या विमानतळांवर आज आपण मध्यरात्री कॉफी पीत बसतो, तेव्हा तिथल्या थांब्याची सुरुवात शेजारच्या एका देशाच्या नकारातून झाली होती, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या कराराने हे कायद्यात बसवले. आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता, हे त्याचे पहिले कलम. प्रवासी चढउतार न करता केवळ इंधनासाठी किंवा दुरुस्तीसाठी उतरणे हा वेगळा हक्क मानला गेला आणि त्यासाठी स्वतंत्र करार झाला. कसाऱ्याचा थांबा हाच. गाडी थांबते, पण गावाशी तिचा व्यवहार नाही.

स्वतंत्र भारताचे पहिले विलायती विमान, एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले. कैरो, जिनिव्हा, मग लंडन. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान कैरोहून जिनिव्हाला उतरण्यासाठी येताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ४८ जण गेले. त्यांत बहुसंख्य प्रवासी बोटीवर कामाला निघालेले भारतीय खलाशी होते. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबई-दिल्ली-बैरूत-जिनिव्हा-लंडन या मार्गावरचे 'कांचनजंगा' हे बोईंग ७०७ त्याच पर्वतावर कोसळले. ११७ मृतांमध्ये होमी भाभा होते. दोन्ही वेळा विमान उतरू पाहत होते ते जिनिव्हाच्या थांब्यावर. प्रत्येक जादा थांबा म्हणजे आणखी एक उतरणे, आणखी एक चढणे. थांबा फुकट मिळत नाही.

पुढे इंजिने सुधारली, पल्ला वाढला. २००७ साली मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान सुरू झाले. आमच्या घाटाची गोष्टही काहीशी तशीच. २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत बँकर न लावता घाट चढते. यंत्राची भूक भागली की थांबा गळून पडतो. पण जमिनीच्या मालकाची मर्जी यंत्राने सुटत नाही. १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद राहिला आणि बोटींना पुन्हा आफ्रिकेला वळसा घालावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले. सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबली. जूनमध्ये इराण-इस्रायल युद्धात कतारने काही तास आपले आकाश बंद ठेवले आणि आखातात विमान बदलणारे हजारो लोक वाटेत अडकले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी आईचा कागद पुन्हा काढला आणि तास-रुपयांच्या शेजारी दोन रकाने वाढवले. एक: हा थांबा कोणाच्या जमिनीवर, आणि तिथे आईला कोणता कागद लागेल? अमेरिकेत नुसते विमान बदलून कॅनडाला जायचे असले तरी भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो. म्हणून न्यूयॉर्कमार्गे मिळणारे तिकीट चांगले दिसत असूनही बाद झाले. दोन: वाट बंद झाली तर ती कुठे अडकेल, आणि पुढे पाठवण्याची जबाबदारी कोणाची? दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटे जोडून भाच्याने बरेच पैसे वाचवले होते. पण पहिले विमान चुकले तर दुसरी कंपनी हात वर करते. एकाच तिकिटावर असेल तर पोहोचवणे तिला भाग असते. शंभर वर्षांपूर्वी जिनोव्हाची रेल्वेसुद्धा त्याच तिकिटात घालणाऱ्यांना हे कळत होते.

शेवटी एकाच तिकिटावर मुंबई-दिल्ली-टोरांटो ठरले. बदल दिल्लीत, चार तासांचा, व्हीलचेअर आधी सांगून. अडकली तर आपल्या मुलुखात अडकेल, आणि कोणाशीही हिंदीत भांडू शकेल. पुढे विमान कुठे इंधनासाठी उतरले, तरी तिला जागा सोडून दुसरे दार शोधायला नको. हे तिकीट सर्वांत स्वस्त नव्हते.

मी तिला व्हिएन्नाची शक्यता समजावून सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे कसाऱ्यासारखं?" मी हो म्हणालो. "मग बरोबर डबा देशील ना? तिथं वडे नसणार."