हवापालट

'हवापालट' हा शब्द हल्ली फारसा कानावर येत नाही. आमच्या लहानपणी तो डॉक्टरांच्या तोंडी हमखास असायचा. माणूस मोठ्या दुखण्यातून उठला, अंगात त्राण नाही, अन्नावर वासना नाही, की डॉक्टर म्हणायचे, "औषधं पुरे झाली. आता जरा हवापालट करा." ज्यांना परवडायचं ते जायचे. बाकीचे अंगणात बाज टाकून पडायचे, तेवढीच हवा!

परवा जर्मनीत राहणाऱ्या भाचीचा फोन आला. इटलीत समुद्राजवळच्या एका लहान गावात त्यांनी आठ दिवसांसाठी फ्लॅट भाड्याने घेतला होता. मी विचारलं, "काय काय पाहिलंत?" म्हणाली, "काही नाही मावशी. नुसते राहिलो. खूप शांत होतं." पैसे मोजून परगावी जायचं आणि तिथे नुसतं राहायचं! नवल वाटलं, आणि थोडा हेवाही. इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मनात पुढचा प्रश्न आलाच. ही रीत आली कुठून? आणि आपल्याकडे कधी आली?

आपल्या आजी-पणज्या प्रवासाला निघायच्या त्या देवासाठी. पंढरपूर, पैठण, तुळजापूर, फार तर काशी. मुक्काम धर्मशाळेत. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा उपयोग लोकांनी पुढे कितीतरी पिढ्या केला. धर्मशाळेत भाडं नसे, पण रेंगाळायचंही नसे. दर्शन झालं की वळकटी गुंडाळायची. नुसतं विसाव्यासाठी घर घेऊन राहायचं, ही कल्पनाच त्यात नव्हती.

ती आणली साहेबाने. इथला उन्हाळा त्याला सोसेना. 1828-29 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वर वसवलं, 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले. मग बंगले आले, आणि बंगल्यांपाठोपाठ हंगामापुरतं भाडं आलं. आमच्याकडे निजामाचं राज्य, तरी औरंगाबादच्या छावणीतले इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात खुलताबादला थंड हवेसाठी जात. आपले लोक तिथे जायचे ते उरुसाला किंवा भद्रा मारुतीला. डोंगर तोच, पण जाण्याचं कारण वेगळं!

सामान्य माणसापर्यंत विश्रांती पोचली ती आजारपणाच्या वाटेने. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, पण त्यावरचं औषध यायला पुढे साठेक वर्षं लागली. तोवर मोकळी हवा, सकस अन्न आणि आराम एवढाच इलाज. पाचगणीला, मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाची आरोग्यधामं उभी राहिली. पुढे औषधं आली आणि 1959 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की गरीब वस्तीतल्या घरी राहून नीट औषधं घेणारा रोगीसुद्धा आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. हवेचं महत्त्व एका फटक्यात उतरलं.

'सॅनिटोरियम' हा शब्द मात्र टिकला. नाशिकजवळच्या देवळालीला पारशी, गुजराती, जैन समाजांनी बांधलेली सॅनिटोरियमं होती. नाव दवाखान्यासारखं, पण तिथे मुंबईची धडधाकट कुटुंबं आठवड्याच्या नाहीतर महिन्याच्या बोलीने खोल्या घेऊन राहत. आराम करायला आलो, असं उघड म्हणायची लाज वाटे. हवापालटाला आलो म्हटलं की भागे.

देवळाली मी पाहिली 1961 च्या मे महिन्यात. अकरा वर्षांची होते. मुंबईच्या काकांनी एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या महिन्याभरासाठी घेतल्या होत्या आणि आम्हालाही बोलावलं होतं. करमाडहून छोट्या गाडीने मनमाड, तिथून गाडी बदलून देवळाली. सोबत एक ट्रंक, दोन वळकट्या आणि एक पोतं. पोत्यात पातेली, पोळपाट-लाटणं, तिखट-मिठाचे डबे, गव्हाचं पीठ. खोल्यांबरोबर भांडी मिळत नसत ना!

आम्हा पोरांची चंगळ झाली. काका सकाळ-संध्याकाळ फिरायला जात, वडील व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पेपर वाचत. आई आणि काकू मात्र अकरा माणसांचा स्वयंपाक करत, एका स्टोवर. परत निघताना शेजारच्या बाईंनी आईला विचारलं, "काय, मानवली का देवळालीची हवा?" आई म्हणाली, "करमाडला चूल होती, इथे स्टो होता. एवढीच हवा पालटली."

सगळे हसले. मीही हसले. त्यातलं हसू ओसरून नुसतं वाक्य उरायला मला माझा स्वतःचा संसार करावा लागला.

भाचीच्या फोननंतर इटलीबद्दल थोडं वाचत बसले, तर तिथेही हेच! शेली हा इंग्रज कवी आपण निदान नावाने ओळखतो. 1822 च्या उन्हाळ्यात त्याने भाचीने सांगितलेल्या त्याच लिगुरियाच्या किनाऱ्यावर, लेरिची गावाजवळ, अगदी लाटांच्या काठावरचं एक घर भाड्याने घेतलं. कासा मान्यी त्याचं नाव. एका मित्राचं कुटुंबही सोबत होतं. शेली खूश होता. नवी होडी, समुद्र, कविता. त्याची बायको मेरी, 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी, तेव्हा चोवीस वर्षांची आणि गरोदर. तिला ते घर अजिबात सोसलं नाही. वाणसामान आणायचं तर साडेतीन मैलांवर सार्झानाला जावं लागे आणि मध्ये नदी. जूनमध्ये तिचा गर्भपात झाला. डॉक्टर वेळेवर पोचेनात, इतकं रक्त गेलं की शेलीने तिला बर्फात बसवलं म्हणून ती वाचली. पुढच्याच महिन्यात, 8 जुलैला, त्याची होडी वादळात बुडाली आणि तो गेला. त्या घराला आज लोक कवीचं घर म्हणून पाहायला जातात. मला मात्र वाचताना सारखा त्या घरातला स्वयंपाक दिसत होता. नदीपलीकडून आणायचं ते सामान दिसत होतं.

विश्रांती हा हक्क आहे, हे आपल्याकडे प्रथम ठासून मांडलं ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी ही मागणी त्यांनी 1884 मध्ये केली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षाची भरपगारी रजा दिली. पुढे सरकारी नोकरांना प्रवास सवलत आली. हे सगळं फार मोलाचं आहे, मी स्वतः रजांवर जगलेली बाई आहे! पण या प्रत्येक कायद्याची हद्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी संपते. माझ्या शाळेच्या रविवारी घरी दोन भाज्या जास्त व्हायच्या.

मग बाईच्या विसाव्याची काहीच सोय नव्हती का? होती. माहेर. नागपंचमीला, दिवाळीला, बाळंतपणाला चार दिवस आयतं ताट मिळे. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं ते उगाच नाही. विसाव्याचं त्याहून मोठं नाव त्यांना सापडलं नाही. पण माहेरात आई असेतोवरच माहेरपण. पुढे ते भावजयीचं स्वयंपाकघर होतं, आणि तिथेही कुणीतरी राबतंच.

चार वर्षांपूर्वी आम्ही चार म्हाताऱ्या, म्हणजे मी, धाकटी बहीण आणि दोन मैत्रिणी, गुहागरकडे समुद्राजवळ एका घरी जाऊन राहिलो. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, त्याच्या आदल्या वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला, आणि हळूहळू सबंध किनाऱ्यावर अशी 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' उभी राहिली. नारळी-पोफळीची वाडी, मागे समुद्राची गाज. चार दिवस आम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा भरला नाही. सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा!

तिसऱ्या दिवशी मी पहाटे लवकर उठले. घरमालकीण कधीच उठलेली होती, नारळ खवत होती. मी विचारलं, "तुम्ही कुठे जाता हो हवापालटाला?" ती हसली. "आम्ही? गणपती झाले की दोन दिवस माहेरी." निघताना पावती मिळाली ती तिच्या नवऱ्याच्या नावाची. मी मुद्दाम म्हटलं, "पैसे ताईंच्या हातात देते." तो बरा माणूस होता, ओशाळून हसला. तिने पैसे मोजले, पदराला हात पुसले आणि परत मोजले.

आईच्या स्टोला कधी कुणी मोल दिलं नव्हतं. इथे निदान ते मोल मोजलं गेलं, एका बाईच्या हातात. सव्वाशे-दीडशे वर्षांत एवढं झालं, हेही थोडं नाही. पण पैसे मिळणं म्हणजे विसावा मिळणं नव्हे, हेही त्या पहाटे दिसलंच.

तेव्हा घरातल्या मुलांनो, सुनांनो, जावयांनो, यंदा मे महिन्यात कुठे घर घेऊन राहणार असाल तर हवा कशी आहे हे जरूर विचारा. समुद्र किती लांब, तेही विचारा. पण आधी हे ठरवा की पहाटे चहा कोण ठेवणार. आणि तुमच्यापैकी कुणाच्या आई-आजीने देवळालीला, माथेरानला असा स्टो सांभाळला असेल, तर मला जरूर लिहून कळवा. या बायकांची नोंद कुठल्याही गॅझेटियरात नाही.